रॉक बँड आणि पाहुणी गायिका: गाणं कुणाच्या पट्टीत?

एका बँडवाल्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांचा रॉक बँड, त्यात स्वतःचा गायक. शास्त्रीय तालमीतून आलेली आणि बँडबरोबर कधीच न गायलेली एक गायिका पाच गाण्यांच्या ईपीसाठी (छोट्या अल्बमसाठी) तयार झाली आहे. गिटार, बेस, ड्रम्स सगळं वाजवून झालंय, दोन गाणी तर जवळजवळ मिक्सही (सगळे आवाज एकत्र जुळवून) झाली आहेत. ‘आता फक्त तिचा आवाज घ्यायचा राहिलाय. माइक कोणता लावू, मिक्समध्ये आवाज वर कसा आणू, आणि कव्हरवर नाव कसं लिहू?’

यातल्या ‘फक्त’ या शब्दापाशीच मी अडखळलो. वीसेक वर्षं ध्वनिमुद्रण आणि संगीत-निर्मिती करतोय. बँड आणि पाहुण्या गायकाचं जे काम फसलं, ते बहुतेक वेळा या ‘फक्त’पायी फसलेलं पाहिलंय. माइकचं सांगतो, पण आधी पट्टीचं, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा त्याचं, बोलू. ते चुकलं तर पुढचं सगळं ठिगळ लावणं आहे.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. असाच एक बँड होता, सगळी गाणी पांढरी तीनमध्ये (पेटीची तिसरी पांढरी पट्टी), म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत ‘ई’मध्ये. कारण उघड आहे. गिटारची सहावी तार मोकळी सोडली की ई वाजतो आणि जड रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) तिथेच बसतात. गायिका आली. तिचा षड्ज, म्हणजे ‘सा’, काळी चार, आणि हे मी तिला पहिल्यांदा विचारलं ते ती माइकसमोर उभी राहिल्यावर. पांढरी तीनचा षड्ज तिच्या हिशेबात कोमल धैवतावर पडत होता. वरचा धरला तर अंतरा तार सप्तकात इतका वर जाई की ओरडल्याशिवाय गत्यंतर नाही. खालचा धरला तर मुखडा मंद्रात (खालच्या सप्तकात), आणि तो गिटारच्या गुरगुराटाखाली गाडलेला. दिवसभर झटापट करून कसंबसं उरकलं. नंतर बँडवाले म्हणाले, ‘आवाज छान आहे हो, पण तिला रॉक जमत नाही.’ जमत नव्हतं ते आम्हाला. एका माणसाचा गळा कुठे फुलतो हे न विचारता आम्ही त्याला आमच्या तारेला बांधलं होतं.

म्हणून पहिलं काम: तिला विचारा, सूर कुठला? आणि नुसत्या उत्तरावर थांबू नका. प्रत्येक गाण्याची चाल तीन-चार पट्ट्यांत गाऊन घ्या, साध्या गिटारवर किंवा पेटीवर, फोनवर रेकॉर्ड करत. कोणत्या पट्टीत शेवटची ओळ म्हणताना तिचा चेहरा ताणला जात नाही, आणि कोणत्या पट्टीत पहिली ओळ हवेत विरत नाही, हे ऐकताना लगेच कळतं. तयार ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये चार अर्धस्वर वर-खाली सरकवून तिच्याकडून गाऊन बघायला हरकत नाही, पण ते चाचणीपुरतंच. इतका सरकवलेला गिटार प्लास्टिकसारखा वाजतो, रेकॉर्डवर ठेवायच्या लायकीचा नसतो.

समजा तिची पट्टी काळी चारच निघाली. गिटारवाला कपाळाला हात लावेल, कारण काळी चार म्हणजे जी शार्प, आणि त्यात मोकळी तार मिळत नाही. चौथ्या पडद्यावर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावता येतो, पण मग आवाजातलं वजन जातं. मी सुचवेन ते असं: सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवा. आता पाचवी मोकळी तार बरोबर काळी चार वाजते आणि सहावी तिच्या खालचा पंचम. म्हणजे हाताखाली मोकळा षड्ज, त्याच्या खाली मोकळा मंद्र पंचम. यावर लिहिलेला रिफ पांढरी तीनच्या रिफपेक्षा कमी जड वाजत नाही, उलट सहाव्या तारेवरच्या पंचमावरून षड्जावर येताना जो धक्का बसतो तो मला जास्त आवडतो. अर्धा स्वर उतरवायला जाड ताराही लागत नाहीत. बोटांची जागा मात्र बदलते, रिफ नव्याने बसवावे लागतात. त्याची तयारी ठेवा.

आता गिटार काय वाजवतोय ते पाहू. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बस. त्यात गांधार नाही, शुद्ध नाही की कोमल नाही. शास्त्रीय गायिकेला याहून सोयीची जागा कुठली? तंबोरा तिला जन्मभर हेच देत आलाय. तुम्ही षड्ज-पंचम धरून ठेवलात तर त्यावर ती कोणताही गांधार लावू शकते, एका ओळीत शुद्ध आणि पुढच्या ओळीत कोमलसुद्धा. पण गिटारवाल्याने उत्साहाच्या भरात पूर्ण मेजर कॉर्ड (षड्ज, शुद्ध गांधार, पंचम) दाबली की भांडण सुरू होतं. गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकाप्रमाणे बसवलेले असतात, त्यामुळे त्यावरचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. चौदा सेंटचा हा फरक स्वच्छ गिटारवर खपून जातो. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा परिणाम) लावलं की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीतून तिसराच स्वर जन्माला येतो. षड्ज-पंचमाच्या बाबतीत तो षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो आणि आवाज भरदार होतो. गांधाराच्या बाबतीत मात्र तो कुठल्याच कामाच्या स्वरावर पडत नाही, नुसता चिखल होतो. त्या चिखलावर गायिका आपला गांधार लावते, तो बेसूर वाटतो, आणि दोष तिच्या माथी येतो. कुणीतरी ऑटोट्यून (सूर सरकवणारं सॉफ्टवेअर) काढतं आणि तिचा बरोबर असलेला गांधार गिटारच्या चुकीच्या गांधाराला नेऊन चिकटवतं! हे मी होताना पाहिलंय. तेव्हा ती गात असताना डिस्टॉर्शनवर गांधार नको. हवाच असेल तर स्वच्छ आवाजाच्या दुसऱ्या गिटारवर, हळू, आणि तिचं वाक्य संपल्यावर.

तालाचंही एक बघा. रॉकचा ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) हाणतो, गाण्याचा ठसका तिथे असतो. तिचा कान मात्र समेची वाट पाहतो. ड्रमरने पहिल्या मात्रेवरचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गाळून भरगच्च फिल (मधले भरीचे तुकडे) वाजवले तर तिला सम सापडत नाही, ती अर्धी मात्रा उशिरा उतरते, आणि मग ‘तिचं टायमिंग ढिलं आहे’ अशी कुजबुज सुरू होते. ओळ जिथे परत येते तिथे किक आणि क्रॅश (मोठी झांज) ठाम ठेवा, प्रश्न मिटतो. मींड घेताना ती क्लिकच्या (कानातल्या लयीच्या टिकटिकीच्या) किंचित मागे रेंगाळली तर सॉफ्टवेअरमध्ये तिला ओढून मात्रांच्या रेघांवर बसवू नका. बाकी बँड काटेकोर असताना गळा थोडा मागे असणं, हीच तर तुमच्या रेकॉर्डची गंमत असणार आहे.

एवढं वाचून वाटेल की सगळं तिच्याच सोयीने करायचं का? हो, ती गाते त्या जागांपुरतं तसंच. गाणं पक्कं झाल्यावर पाहुण्याला बोलावलं की तो उरलेल्या फटीत बसतो. गायक लू रीड आणि मेटॅलिका हा बँड यांचा २०११चा ‘लुलू’ हा अल्बम ऐकून बघा. दोन्ही बाजू दिग्गज, धाडसही मोठं, आणि समीक्षकांनी त्याची पार सालटी काढली. मी तितका निर्दय नाही, पण मला तिथे सतत वाटत राहतं की एक माणूस एका खोलीत बोलतोय आणि शेजारच्या खोलीत बँड वाजतोय. याउलट १९७१ सालचं लेड झेपेलिनचं ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ घ्या. त्यात पाहुणी म्हणून सँडी डेनी गायली. ड्रम्स नाहीत, मँडोलिन आणि ध्वनिक गिटार, आणि दोन गळ्यांना मोकळं मैदान. जगातल्या सर्वांत दणदणीत बँडपैकी एकाने पाहुणीसाठी दणदणाट बाजूला ठेवला. अल्बमच्या वेष्टनावर चौघा वादकांची चार चिन्हं होती, तिच्यासाठी पाचवं चिन्ह छापलं. पाचही गाण्यांत असं करा असं नाही म्हणत, पण एका तरी गाण्यात ड्रमरला पहिला अंतरा हात बांधून बसवा.

तुमच्या नेहमीच्या गायकाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विचारत असणार. पुरुषाचा षड्ज साधारण काळी एकच्या आसपास, बाईचा काळी चारच्या. म्हणजे तिचा षड्ज हा त्याचा पंचम. गाणं काळी चारमध्ये असेल तर त्याला तिच्या षड्जाच्या आसपासच्या ओळी द्या, मंद्र पंचमापासून फार तर मध्य गांधारापर्यंत. त्याच्या गळ्याच्या हिशेबात ते ऋषभापासून निषादापर्यंत येतं, आरामात. त्यावरचा प्रदेश तिचा. असं वाटून घेतलं की दोघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, आणि शेवटी दोघं एकत्र येतात ती जागा आपोआप मोठी होते. दोघांनी सुरुवातीपासून सगळं एकत्र म्हणायचं, हा मोह टाळा. आणि एका गाण्यात त्याने अजिबात गाऊ नये, हे बँडमध्ये बसून आधीच ठरवा, स्टुडिओत तिच्यासमोर नको.

आता तुमचा माइक. शांत खोलीत एकटी गाणार असेल तर मोठ्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक, तोंडापासून एक वीत अंतरावर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). बँडबरोबर एकाच खोलीत गाणार असेल तर डायनॅमिक (जवळचाच आवाज घेणारा माइक), नाहीतर झांजांचा छणछणाट तिच्या आवाजात कायमचा शिरेल. याहून जास्त वेळ माइकवर घालवू नका. चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड करा, सर्वांत मोठा आवाज वजा १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, आणि आत येताना कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणं) जवळजवळ नकोच. तिच्या मंद्रातल्या कुजबुजीत आणि तार सप्तकातल्या पुकारीत जो फरक आहे, तो एकदा दाबला की परत मिळत नाही.

माइकपेक्षा हेडफोनकडे लक्ष द्या. तिच्या कानात डिस्टॉर्शन गिटारची भिंत ओतू नका. बेस, किक-स्नेअर आणि तंबोरा द्या, हो, खरंच तंबोरा, ए बरोबर ४४० हर्ट्झ धरून तुमच्याच पट्टीत लावलेला. तो हेडफोनमधून माइकमध्ये थोडासा गळला तरी पट्टीतलाच असल्याने बिघडत नाही. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर ठेवू द्या. आणि तिचा आवाज संगणकातून फिरून तिच्या कानात उशिरा जात नाही ना, हे तपासा. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेला पाचेक मिलिसेकंद. येताना-जाताना मिळून दहाच्या वर गेलं की गायकाला स्वतःचा आवाज विचित्र, पोकळ वाटू लागतो, कारण हाडांतून तोच आवाज आधी पोचलेला असतो. गायक ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच सांगतो, कारण सांगता येत नाही. इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचं) थेट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे आवाज संगणकाला वळसा न घालता कानात जाईल, सुटला प्रश्न.

टेक घेताना पहिला टेक नेहमी पूर्ण गाऊन घ्या आणि जपून ठेवा. तीन-चार पूर्ण टेक पुरेत. मग त्यातून ओळी निवडून जोडायच्या, पण श्वास कापू नका. श्वास काढलेला गळा निर्जीव वाटतो. चिरलेला स्वरही फेकून देण्याआधी दहादा विचार करा. १९६९ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’मध्ये मेरी क्लेटनला रात्री उशिरा स्टुडिओत बोलावून गाऊन घेतलं होतं. वरच्या स्वरावर तिचा आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज तसाच ठेवला म्हणून आज लोकांना गाण्यातली नेमकी तीच जागा आठवते. एखाद्या परिपूर्णतावादी इंजिनिअरने ती ‘दुरुस्त’ केली असती.

ती दुसऱ्या गावाहून फाइल पाठवणार असेल तरी हेच सगळं. तिला क्लिकसकट कच्चं मिक्स द्या. तिच्याकडून वेव्ह फाइल घ्या, सगळ्या गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, कोरड्या, रिव्हर्ब (घुमारा) न लावलेल्या. आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर हजर राहा, टेक चालू असताना गप्प.

मिक्समध्ये आवाज ‘वर आणायचा’ म्हणता, पण त्याआधी वाट मोकळी करा. दोन गिटार डाव्या-उजव्या टोकांना पाठवा, मधली जागा गळ्याची. शब्दांचा स्पष्टपणा आणि गिटारची धार दोघांनाही २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये राहायचं असतं, म्हणून ती गात असेल तेवढ्यापुरते गिटार तिथे दोन-तीन डेसिबल खाली घ्या, ओळ संपली की परत वर. अ‍ॅम्पची गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) वाजवतानाच थोडी कमी ठेवली असती तर हेही करावं लागलं नसतं. रॉक ऐकणाऱ्याला गेन कमी केलेली कळत नाही, उलट वादकाचा हात जास्त ऐकू येतो. बाकी मिक्सच्या बारकाव्यांवर इथे लिहीत बसत नाही.

कागदपत्रांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मैत्री तुटते ती इथे. १९७३ साली पिंक फ्लॉइडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टोरीने शब्दांविना जे गायलं ते बहुतांशी तिथल्या तिथे सुचलेलं होतं. तिला त्या सत्राचे ३० पौंड मिळाले. २००४ साली ती न्यायालयात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर बँडच्या रिचर्ड राइटबरोबर रचनाकार म्हणून तिचंही नाव आलं. तीस वर्षांनी. तुमची गायिका आलाप घेणार, सरगम घेणार, कदाचित तुमच्या चालीत नवी ओळ घालणार. ती रचना आहे की गायन? हे तिच्या पहिल्या आलापाआधी ठरवा. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, दोन्हींत तिचा वाटा किती ते एका कागदावर टक्क्यांत लिहा आणि पाचही जणांनी सही करा. मानधन देऊन मोकळं व्हायचं असेल तर तेही स्पष्ट लिहा. माझं मत विचाराल तर चाल तिच्या आलापावर उभी राहत असेल तर तिला रचनेत वाटा द्याच. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांनी १९८१ साली मोंत्रोत ‘अंडर प्रेशर’ केलं, त्यावर रचनाकार म्हणून बँडचे चौघे आणि बोवी अशा पाचही जणांची नावं आहेत. त्याच कागदावर आणखी दोन वाक्यं घाला: तिच्या संमतीशिवाय हे मुद्रित गायन दुसऱ्या गाण्यात किंवा रिमिक्समध्ये वापरायचं नाही, आणि त्यावरून यंत्राकरवी तिचा नकली आवाज तयार करायचा नाही. पाच वर्षांपूर्वी मी हे लिहायला सांगितलं नसतं.

तिचा एखाद्या रेकॉर्ड कंपनीशी करार आहे का, हेही आधीच विचारा. गायक नील यंगने १९९५ साली ‘मिरर बॉल’ हा अल्बम पर्ल जॅम या बँडला घेऊन मोजक्या दिवसांत रेकॉर्ड केला. अख्खा बँड त्यात वाजलाय, पण कंपन्यांच्या अडचणींमुळे मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, आत वादकांची फक्त वैयक्तिक नावं. एवढ्या मोठ्या मंडळींची ही गत, तर तुम्ही लेखी परवानगी घेतलेली बरी.

कव्हरवरचं नाव: एखाद्या गाण्यात चार ओळी गायली असेल तर ‘फीचरिंग’. पाचही गाणी तिच्या गळ्यावर उभी असतील तर तुमचं नाव ‘आणि’ तिचं नाव, एकाच आकारात, आणि गाणी ऑनलाइन चढवताना तिला मुख्य कलाकार म्हणूनच नोंदवा, म्हणजे रेकॉर्ड तिच्या पानावरही दिसेल. प्रत्येक गाण्यात पाहुणा वेगळा असेल तर प्रश्न सोपा असतो. इंडियन ओशन या बँडने २०१४च्या ‘तांडानू’ अल्बममध्ये तसंच केलं, शुभा मुद्गल, शंकर महादेवन अशी वेगवेगळी मंडळी, आणि रेकॉर्ड बँडचंच राहिलं. फ्रान्झ फर्डिनांड आणि स्पार्क्स या दोन बँडनी २०१५ साली तिसराच रस्ता धरला, एफएफएस असं नवं नावच घेतलं. (त्याच रेकॉर्डवर ‘सहयोग जमत नसतात’ अशा अर्थाच्या नावाचं एक गाणं आहे. आगाऊ लोक.)

राहिली तुमची ती जवळजवळ मिक्स झालेली दोन गाणी. वाईट बातमी अशी की पट्टी बदलली तर गिटार आणि बेस पुन्हा वाजवावे लागतील. बरी बातमी अशी की ड्रम्स बहुधा तसेच चालतील, लय बदलत नाही तोवर. फक्त टॉमचा (सुरात लावता येणाऱ्या ड्रमचा) सूर नव्या पट्टीत खटकत नाही ना ते ऐका. मग आधी ड्रम्सवर साधा बेस टाका, त्यावर तिच्याकडून गाइड (इतरांना वाजवताना आधार म्हणून कच्चं गायन) म्हणून पूर्ण गाणं गाऊन घ्या, आणि गिटारवाल्यांना तो गाइड ऐकत नवे रिफ लिहू द्या. तो गाइड पुसू नका. माझ्याकडच्या अशा दोन कामांत शेवटी रेकॉर्डवर तोच राहिला.